फिट सर्टिफिकेट मिळालं, पुढे काय?

रजेवरून परतताना डॉक्टरांचा जो कागद ऑफिसात द्यावा लागतो, त्यावर एक ठरावीक ओळ असते: अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. म्हणजे रविवारी रात्रीपर्यंत माणूस अयोग्य आणि सोमवारी सकाळी मस्टरवर सही करताना पूर्ण योग्य. डिप्रेशन किंवा एन्झायटीतून उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही ओळ क्वचितच खरी ठरते. तो दिवसातले तीन-चार तास व्यवस्थित काम करू शकतो, आठ तास नाही. एका माणसाशी नीट बोलू शकतो, काउंटरवरच्या रांगेशी नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांना दोनच खाने ठाऊक आहेत, रजेवर आणि कामावर. मधला खानाच नाही, आणि परतलेल्या माणसांची खरी घसरगुंडी होते ती तिथेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे नैराश्य आणि चिंता या दोन आजारांपायी जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. आकडा इतका मोठा आहे की डोक्यात बसत नाही. तेव्हा एकाच माणसापुरतं बघू. समजा, सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करणाऱ्या एक बाई आहेत. तीन महिने रजेवर होत्या. गोळ्या चालू आहेत, झोप लागते, जेवण जातं, रडू थांबलंय. घरचे म्हणतात, "आता बरी आहेस ना? मग जॉइन हो." त्यांना मात्र बँकेची पायरी चढायच्या कल्पनेनेच धडधडतं. मग त्या बऱ्या आहेत की नाहीत?

आहेत, आणि नाहीतही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला त्याहून जास्त. त्यातही सगळं एकदम सुधारत नाही. बऱ्याच जणांची झोप, भूक आणि उदासी आधी सुधारते. लक्ष लागणं, लक्षात राहणं आणि निर्णय घेणं या तीन गोष्टी मागे रेंगाळतात. टायफॉइडचा ताप उतरल्यावरही महिनाभर जिना चढताना पाय लटपटतात, तसंच हे डोक्याचं. घरी ही कमतरता फारशी जाणवत नाही, कारण घरी कोणी चाळीस पानांची कर्जाची फाइल वाचायला देत नाही. ऑफिसात मात्र पहिल्याच दिवशी उघडं पडतं: तेच पत्र तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, बेरीज पुन्हा पुन्हा तपासावीशी वाटते, दोन जण एकदम बोलले की गोंधळ उडतो. आणि लगेच मनात येतं, 'मला आता हे काम जमणारच नाही.' खरं तर हा आजाराचा शेवटचा, सावकाश जाणारा भाग असतो. ही गोष्ट त्या माणसाला आणि त्याच्या साहेबांना आधीच माहीत असली, तर निम्मी घबराट टळते.

चिंतेच्या आजाराची चाल वेगळी. तिथे बुद्धी शाबूत असते, पण शरीर सारखं धोक्याची घंटा वाजवत असतं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की क्षणभर सुटका होते, आणि ही सुटकाच पुढच्या वेळची भीती वाढवते. मीटिंग टाळली तर पुढची मीटिंग आणखी मोठी वाटते. ऑफिस तीन महिने टाळलं तर ऑफिस डोंगराएवढं होतं. म्हणून एन्झायटीवाल्या माणसाला "पूर्ण बरं वाटेल तेव्हाच ये" हा सल्ला प्रेमाने दिला तरी घातक ठरतो. घरी बसून ही भीती आपोआप ओसरत नाही, ती तिथे उलट पोसली जाते. थोडं थोडं सामोरं गेल्यावरच ती उतरते.

नैराश्यातही हाच मुद्दा लागू पडतो, पण कारण निराळं. उदास माणूस हातपाय हलवणं कमी करतो, त्यामुळे बरं वाटण्याच्या संधी कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. हे चक्र उलट फिरवता येतं का, याचा एक भक्कम प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला. संगाथ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर तो केला. निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठका दिल्या. त्या घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते. बैठकांचं सूत्र सोपं होतं: मूड सुधारायची वाट न बघता, ठरवून छोट्या छोट्या कृती सुरू करायच्या. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यांचे कामाचे बुडालेले दिवसही कमी होते.

म्हणजे हालचाल आधी, बरं वाटणं मागाहून. नोकरीवर परतणं हासुद्धा उपचारांचाच एक भाग, फक्त त्याची मात्रा ठरवावी लागते. गोळीची मात्रा डॉक्टर ठरवतात. कामाची मात्रा आपल्याकडे कोणीच ठरवत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नुसते उपचार दिले तर माणूस लवकर कामावर जातो, असं गृहीत धरलं जातं. या विषयावरच्या ४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने घेतला. उपचारांच्या जोडीला प्रत्यक्ष कामात बदल केले, तास, जबाबदारी, साहेबांशी बोलणी यांत लक्ष घातलं, तेव्हा पहिल्या वर्षात रजेचे दिवस कमी झाल्याचं त्यात आढळलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हीच जोडी सुचवली आहे. दवाखाना आणि ऑफिस या दोन टोकांमध्ये कोणीतरी बोलायला हवं, एवढाच याचा अर्थ.

आता खऱ्या अडचणीकडे वळू: चिठ्ठी.

आपल्याकडे बरेच जण मानसिक आजाराची रजा मानसिक आजाराच्या नावाने घेतच नाहीत. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडून 'व्हायरल फीवर', 'कावीळ' किंवा 'कंबरदुखी' असं लिहून आणतात. कारण समजण्यासारखं आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या लेटरहेडवरचा कागद एचआरच्या टेबलावर पडला की दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या मजल्याला कळतं, ही भीती काल्पनिक नाही. पण या खोट्या चिठ्ठीची किंमत परतताना मोजावी लागते. कावीळ बरी झालेल्या माणसाने "मला सहा आठवडे काउंटरवर बसवू नका" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय खोटं प्रमाणपत्र उघडकीला आलं तर तो शिस्तभंगाचा विषय होतो, आणि मग आजारी माणसावरच चौकशी बसते. मला ही सवय मोडायला हवी असं वाटतं, पण ती मोडायची जबाबदारी आधी ऑफिसांची आहे, रुग्णाची नंतर.

मधला रस्ता असतो. ऑफिसला आजाराचं नाव कळण्यापेक्षा माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे कळणं जास्त उपयोगाचं. डॉक्टरांना स्पष्ट विनंती करावी: "माझं काम असं असं आहे. चिठ्ठीत आजाराचं नाव कमीत कमी येऊ द्या आणि कामाबद्दल लिहा." उदाहरणार्थ, 'वैद्यकीय उपचार चालू. पहिले चार आठवडे अर्धा दिवस काम, सहा आठवडे रात्रपाळी नको, दर पंधरवड्याला तपासणीसाठी दोन तास.' एसटीत, रेल्वेत, पोलिसांत 'लाइट ड्युटी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पाठीचं ऑपरेशन झालेल्याला ती मिळते, मग मनाचं दुखणं असलेल्याने ती मागायला हरकत काय? ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीचा नमुनाच बदलला आहे. तिच्यावर 'काम करू शकत नाही' याबरोबर 'या अटींवर करू शकेल' असाही खाना आहे, आणि त्याखाली चार चौकटी: हळूहळू परत येणं, वेळा बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, कामाच्या जागी सोयी करणं. आपल्याकडे असा छापील नमुना नसेल, पण त्या चार गोष्टी साध्या कागदावर लिहायला कोणी अडवलेलं नाही.

डॉक्टरांना आपलं काम नेमकं काय आहे, हे सांगणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. चिंतेवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत. टेबलावर बसणाऱ्याला ते निभावतं. एसटीचं स्टिअरिंग धरणाऱ्याला किंवा प्रेस मशीनवर उभं राहणाऱ्याला निभावत नाही. गोळी किंवा तिची वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना माहीत असेल तरच.

अर्धा दिवस काम, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन प्रकारे बिघडतं. पहिला प्रकार: तास अर्धे केले, पण टेबल तसंच ठेवलं. त्या बँकेतल्या बाई दुपारी दोनला घरी जातात, पण तीन महिन्यांच्या तुंबलेल्या फायली आणि मार्च अखेरचं वसुलीचं टार्गेट त्यांच्याच नावावर. चार तासांत आठ तासांचं काम. यापेक्षा रजा बरी होती. दुसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो: "मॅडम, तुम्ही नुसत्या बसा, काही करू नका." कामाशिवाय खुर्चीवर बसलेला माणूस दिवसभर एकच विचार करतो, की आपली इथे गरज नाही. नैराश्यातल्या माणसाच्या मनात हा विचार आधीच घर करून असतो.

म्हणून तासांच्या आधी काम ठरवावं. पहिल्या पंधरवड्यात असं काम द्यावं जे खरं आहे, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि ज्यात चूक झाली तर दुरुस्त करता येते. कर्ज विभागात नव्या अर्जांची कागदपत्रं पूर्ण आहेत का हे पाहणं चालेल, कर्ज मंजुरीचा निर्णय नंतर. शाळेत एका वर्गाचा एक विषय चालेल, वर्गशिक्षकपद नंतर. आयटीत जुने बग चालतील, क्लायंटचा रात्रीचा कॉल नंतर. जुनं तुंबलेलं काम रुजू होण्याआधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकलेलं असावं. ही गोष्ट साहेबांनीच करायची, कारण परतलेल्या माणसाला "माझ्या फायली दुसऱ्याला द्या" म्हणताना लाज वाटते. मग दर आठवड्याला नाही, दर दोन आठवड्यांनी एक पायरी चढायची. चढण्यापूर्वी विचारायचं, आणि एखाद्या पायरीवर जास्त थांबावं लागलं तर त्याचा गवगवा करायचा नाही.

सरकारी नोकरीत अर्ध्या दिवसाची अशी सोय नियमात सहज बसत नाही. तिथे अनुभवी कारकून एक साधी युक्ती करतात: सगळी अर्जित रजा एका दमात न संपवता काही दिवस राखून ठेवायचे आणि रुजू झाल्यावर पहिले सहा-सात आठवडे दर बुधवारी रजा टाकायची. सलग दोनच दिवस काम, मग एक दिवस श्वास. साहेब समजूतदार असतील तर हे अगदी विनातक्रार चालतं.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते याच साहेबांवर. कंपनीची पॉलिसी, एचआरचे पोस्टर, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं चहापान हे सगळं एका बाजूला, आणि माणूस रोज ज्याला तोंड दाखवतो तो थेट वरिष्ठ दुसऱ्या बाजूला. या वरिष्ठाने मानसोपचार शिकायची गरज नाही. रजेच्या काळात पंधरवड्यातून एक फोन करावा, कामाविषयी एक अक्षर न काढता. "कसे आहात? घाई करू नका, तुमची जागा आहे," एवढं पुरतं. नाहीतर रजेवरचा माणूस गृहीत धरतो की जागा गेली. रुजू व्हायच्या आठवडाभर आधी चहाला बोलवावं, गर्दीच्या वेळी नाही. तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात: "कोणतं काम जमेल असं वाटतं?" आणि "बाकीच्यांना काय सांगू?" दुसरा प्रश्न फार जण विसरतात. "मन खंबीर करा", "आमच्या वेळी कुठे होतं डिप्रेशन", "योगा करा" ही तीन वाक्यं गिळून टाकावीत. योगासनं चांगलीच आहेत, पण साहेबांच्या तोंडून ती औषधाची टिंगल वाटते.

बाकीच्यांचं काय? लिफ्टमध्ये कोणीतरी विचारणारच, "काय हो, कुठे गायब होतात इतके दिवस?" याचं उत्तर घरून तयार करून न्यावं, म्हणजे जिभेवर असतं. "तब्येत बरी नव्हती, उपचार चालू आहेत, आता ठीक आहे. तुमचं काय चाललंय?" खोटं एक अक्षर नाही, आणि चेंडू समोरच्याच्या कोर्टात. जवळच्या एखाद्या सहकाऱ्याला खरं सांगायचं असेल तर जरूर सांगावं, पण तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं हाच कायदा सांगतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही की त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. मात्र तिथे दीर्घकाळ टिकणारा, रोजचं जगणं बऱ्यापैकी अडवणारा आजार अपेक्षित आहे. तीन महिन्यांत उतरलेलं नैराश्य त्यात बसेलच असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. त्यांना ओसीडी (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) आणि नैराश्य होतं, आणि त्यांच्या वागणुकीवरून खात्याने चौकशी लावली होती. मानसिक दिव्यांगत्वाचा संबंध असलेल्या वागणुकीवर अशी शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. खाजगी कारखान्यातल्या कामगारासाठी याहून जवळची गोष्ट म्हणजे ईएसआय, म्हणजेच कामगार राज्य विमा योजना. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि लांबणाऱ्या आजारांच्या यादीत, जिथे ८० टक्क्यांपर्यंत वाढीव भत्ता आहे, नैराश्याचे काही तीव्र प्रकारही येतात. ही यादी कामगारांना कोणी वाचून दाखवत नाही. ईएसआय दवाखान्यात स्वतःहून विचारावं लागतं.

रोजंदारीवाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला यातलं फारसं काहीच नाही. त्यांची रजा म्हणजे बिनपगारी दिवस, म्हणून ते आजारातच काम करतात. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयातली मनोविकार ओपीडी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर एवढंच हाताशी आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. नोकरदारांनीही तो मोबाइलमध्ये ठेवावा. कामावर परतल्यानंतरच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नसतं. त्याच दिवशी फोन करायचा, घरच्यांना सांगायचं.

घरच्यांबद्दल एक वाक्य लिहायला हवं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. रजेवर असलेली बाई घरी असते म्हणजे सासूबाईंचं पथ्य, मुलांचा अभ्यास आणि गॅसवाल्याची वाट बघणं तिच्याकडे येतं. ती विश्रांती घेत नाही, पाळी बदलून काम करते. आणि रुजू झाल्यावर दोन्ही पाळ्या एकदम सुरू होतात. ऑफिसचे तास अर्धे करून घेतले, पण घरचे तासच कमी केले नाहीत, तर सगळी आखणी स्वयंपाकघरात कोसळते. रजेच्या काळात अंगावर आलेली घरकामं रुजू होण्याच्या आठवड्यात परत वाटून द्यावीत, तोंडी नाही, फ्रिजवर कागद लावून.

कधीकधी परतणं हेच चुकीचं असतं. आजाराचं मूळच त्या जागेत असेल, छळणारा वरिष्ठ, महिनोन्‌महिने रात्रपाळी, कधीच न गाठता येणारं टार्गेट, तर त्याच खुर्चीवर हळूहळू बसवण्याला अर्थ नाही. अशा वेळी बदली, दुसरा विभाग किंवा दुसरी नोकरी हाच उपाय. फक्त हा निर्णय आजाराच्या तळाशी असताना घेऊ नये. तिथून सगळ्याच नोकऱ्या वाईट दिसतात. थोडं सावरल्यावर, चार-सहा आठवडे हलकं काम करून बघितल्यावर, तक्रार जागेविषयी आहे की आजाराविषयी, हे बरंच स्पष्ट होतं.

आणि तिसरा महिना. पहिल्या महिन्यात सगळे जपतात. तिसऱ्या महिन्यात सगळे विसरतात, परतलेला माणूस धरून. बरं वाटतंय, कामाचा लोड पूर्ण आलाय, तपासणीच्या दिवशी नेमकी मीटिंग आहे, तेव्हा अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते, मग गोळ्याही संपतात आणि आणल्या जात नाहीत. नैराश्याच्या पहिल्या झटक्यानंतर पूर्ण बरं वाटू लागल्यावरही गोळ्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात. त्या बंद करायच्या झाल्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. त्या बँकेतल्या बाईंच्या साहेबांनी तिसऱ्या महिन्यातल्या त्या गुरुवारी दुपारी चारची मीटिंग दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि "मॅडम, तुमची तपासणी आहे ना आज? निघा तुम्ही," असं म्हटलं, तर मानसिक आरोग्यावरच्या चार कार्यशाळांपेक्षा ते जास्त कामाचं.